सोमवारपासूनचं शिष्यत्व: खान्देशातल्या छोट्या मंडळीसाठी वर्षभराची वाट

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट वाचला की प्रभूची आज्ञा एकच दिसते: शिष्य करा. बाप्तिस्मा देणं आणि शिकवणं हे त्याच आज्ञेचे भाग, आणि शिकवायचं तेही त्याने सांगितलेलं सगळं पाळायला (मत्तय 28:19-20). पाळायला शिकवणं रविवारच्या दीड तासात बसत नाही. कापूस मोजताना, मजुरी देताना, बांधावरून भाऊबंदांशी बोलताना, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरी परतताना माणूस प्रभूचं ऐकतो की नाही ते ठरतं. त्या वेळी त्याच्या सोबतीला कुणीतरी विश्वासू असावं लागतं. मंडळी, म्हणजे चर्च, असते ती यासाठी. हे काम सुटलं तर मोठी इमारत, नवा माईक आणि भरलेल्या खुर्च्या असूनही मंडळीचं मूळ काम पडूनच राहतं.

खान्देशात एकेका पाळकाकडे तीन-चार गावं असतात. नवापूर, साक्री, धडगावकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात. भुसावळला घरातला कर्ता रेल्वेच्या ड्युटीवर असतो, आणि जळगाव-चोपड्याकडे वेचणीच्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. बाहेरून आलेले ठरावीक आठवड्यांचे अभ्यासक्रम इथे मध्येच तुटतात. म्हणून खाली दिलेली पद्धत आपल्या वर्षाच्या चालीने जाते: पेरणीनंतर सुरुवात, दिवाळीनंतर लांबून साथ, होळीनंतर पुन्हा एकत्र, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) काम दुसऱ्याच्या हाती. ती चालवायला पाळकच हवेत असं नाही. मंडळीचे वडील, महिला मंडळातली एखादी मावशी, नोकरी करणारा तरुण, कुणीही चालवू शकतं.

पेरणी आटोपली की: माणसं निवडा

पेरणी आणि पहिली निंदणी झाली की श्रावणाच्या सुमारास हात थोडा मोकळा होतो आणि बाहेर जाणारी माणसंही गावातच असतात. सुरुवात तेव्हाच करा.

बारा जणांना निवडण्याआधी प्रभूने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली (लूक 6:12-13). तुम्हाला बारा लागणार नाहीत. दोन किंवा तीन पुरे, चारच्या वर तर नकोतच, कारण चारच्या वर गेलं की एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. पुरुषांनी पुरुषांसोबत बसावं, बायांनी बायांसोबत. गाणी छान म्हणतो किंवा बोलायला पुढे असतो एवढ्यावरून कुणाला घेऊ नका. पौल तीमथ्याला सांगतो तो निकष लावा: विश्वासू, आणि पुढे इतरांना शिकवू शकेल असा (2 तीमथ्य 2:2). विश्वासू माणूस ओळखायला सोपा असतो. सांगितलेल्या वेळी येतो, येता आलं नाही तर निरोप पाठवतो, आणि त्याच्या घरचे त्याच्याबद्दल बरं बोलतात.

आडवळणाने सुचवत बसू नका, सरळ विचारा. "भाऊ, दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा तासभर बसू या का? मार्काचं शुभवर्तमान वाचू आणि वाचलेलं करून पाहू." मुदत ठरलेली असली की माणूस मोकळ्या मनाने हो म्हणतो. नाही म्हणाला तरी राग धरू नका.

दोन जणांना आधी सांगा. एक म्हणजे पाळक. त्यांच्या नकळत चालणारी बैठक उद्या गटबाजी होते. दुसरे त्या माणसाच्या घरचे, विशेषतः तो घरातला पहिलाच विश्वासी असेल तर. बाप, थोरला भाऊ, बायको यांना ठाऊक असू द्या की तो कुठे बसतो आणि काय वाचतो. लपवाछपवीतून संशय वाढतो, आणि लपवण्यासारखं इथे काही नाही.

वेळ त्यांच्या कामावरून ठरवा. बायांना तिन्हीसांजेला बोलावणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे, कारण तीच भाकरी थापायची वेळ. दुपारचं जेवण आटोपल्यावरची घटका बरी. शेतीपंपाची लाईट रात्रीची असेल तर शेतकरी पहाटे झोपतो, त्याला सकाळी सहाला उठवू नका. रेल्वेवाल्यांचा वार दर आठवड्याला बदलला तरी चालेल, ड्युटी कळली की ठरवा.

बैठक कशी चालवायची

ओट्यावर बसा, झाडाखाली बसा, शेतातल्या झोपडीत बसा. चहाच्या पुढे पाहुणचार नको. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घराला ओझं होतं, आणि गरीब माणूस आपल्या घरी बैठक ठेवायला लाजतो.

आधी थोडी प्रार्थना आणि एखादं भजन. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची (1861-1919) भजनं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या तोंडी आहेत, वाद्य नसलं तरी टाळीवर म्हणता येतात. मग मार्कातला अर्धा-पाऊण अध्याय मोठ्याने वाचा. वाचून झाला की पुस्तक मिटा आणि एकाने तो प्रसंग आपल्या बोलीत सांगायचा: अहिराणी, मावची, भिली, पावरी, घरात बोलतो त्या बोलीत. ही गोष्ट कधीही गाळू नका. लिहिता-वाचता न येणारी माय ऐकलेली गोष्ट मन लावून सांगते आणि आयुष्यभर विसरत नाही. शिकलेल्याला पुष्कळदा दोनदा वाचावं लागतं. आपल्या बोलीत सांगताना काय समजलं नाही तेही लगेच उघडं पडतं.

मग तीन प्रश्न, दर वेळी तेच. यात प्रभू कसा दिसला? मला काय करायला सांगतो? आणि हे मी या आठवड्यात कुठे, कुणासोबत, कोणत्या वारी करणार? तिसऱ्या प्रश्नाला "मी प्रेमाने वागेन" हे उत्तर चालत नाही. "मी बुधवारी नानाकडे जाऊन विहिरीच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलेन" हे उत्तर चालतं. पुढच्या बैठकीची सुरुवात एकाच वाक्याने करायची: झालं का? झालं नसेल तर कारण ऐकून घ्या, रागावू नका, आणि शक्य असेल तर या वेळी त्याच्यासोबत जा. याकोब म्हणतो, वचन नुसतं ऐकणारे होऊ नका, तसं करणारेही व्हा (याकोब 1:22). बैठकीतला बराचसा फायदा या "झालं का" मधून होतो. तेवढं वगळलं तर उरतो तो आणखी एक बायबल अभ्यास, आणि तो मंडळीत आधीच चालू असतो.

ज्याने बोलावलं त्याने कमी बोलायचं. तुम्ही प्रवचन सुरू केलंत की ते पुन्हा श्रोते होतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून प्रश्न विचारायचं काम त्यांच्यातल्याच एकाकडे द्या.

या गतीने श्रावणात सुरू केलेली बैठक दिवाळीच्या आसपास आठव्या अध्यायात पोचते, जिथे पेत्र येशूला ख्रिस्त म्हणतो आणि येशू लगेच स्वतःला नाकारून वधस्तंभ उचलण्याबद्दल बोलतो (मार्क 8:29-34). माणसं कामाला बाहेर निघायच्या आधी इथवर यावं असा प्रयत्न करा.

काटा, मजुरी आणि उचल

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण गाव आपल्याला ओळखतं ते इथेच. ख्रिस्ती माणूस रविवारी कोणतं गीत म्हणतो ते गावाला ठाऊक नसतं. तो मापात पाप करतो का, ते पूर्ण गावाला ठाऊक असतं.

दुसऱ्या अध्यायात लेवी जकातनाक्यावरून उठतो (मार्क 2:14). तो भाग आला की त्याच्या जोडीला जक्कयाची गोष्टही वाचा (लूक 19:1-10). जक्कयाने घेतलेल्या पैशाचा हिशेब स्वतःहून काढला आणि चौपट परत द्यायचं कबूल केलं. आता हे खेडा खरेदी करणाऱ्या, म्हणजे गावातच कापूस विकत घेणाऱ्या, एखाद्या भावाच्या ओट्यावर वाचलं जातंय असं डोळ्यापुढे आणा. कोपऱ्यात काटा ठेवलाय. ओलाव्याच्या नावाखाली दर क्विंटलमागे काही किलोची कट्टी लावायची, म्हणजे तेवढं वजन कापायची रीत पडून गेलीये, सगळेच करतात. तिसरा प्रश्न आला की तो गप्प होतो. त्याला शरमिंदा करू नका, पण प्रश्न सोडूही नका. या आठवड्यात काय करता येईल? वजनमापे विभागाकडून काटा तपासून त्यावर शिक्का घेता येईल. विकणाऱ्याला दिसेल असा काटा मांडता येईल. कापूस खरंच ओला असेल तर तो मुठीत दाबून मालकालाच दाखवून किती कापायचं ते तोंडावर बोलता येईल, आणि कोरडा असेल तर कापू नये. नफा कमी होईल, हेही आधीच बोलून घ्या. परमेश्वराने पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवायला मनाई केली आहे (अनुवाद 25:13-15), आणि ती आज्ञा ऐकून धंद्यात तोटा सोसणारा माणूस मंडळीत असेल तर मंडळीने त्याच्या पाठीशी राहिलं पाहिजे, त्याच्याकडे माल घातला पाहिजे.

मजुरीचंही तसंच. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको असं शास्त्र सांगतं (लेवीय 19:13), आणि अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते असं याकोब लिहितो (याकोब 5:4). वेचणीला किलोवर मजुरी असते, तेव्हा काटा मजुराच्या डोळ्यांदेखत लावा आणि आकडा तिच्या समोर लिहा. बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे हातात पडतील असं बघा. त्याच निंदणीला, त्याच तासांना बाईला पुरुषापेक्षा कमी द्यायची रीत तुमच्या शिवारात असेल तर ती तुमच्या शेतापासून मोडा. सालदार (वर्षभराचा गडी) ठेवत असाल तर आखाजीला ठरवतानाच धान्य, कपडे, सुट्ट्या, आजारपणातला खर्च हे सगळं त्याच्या बायकोसमोर बोला आणि कागदावर लिहून एक प्रत त्याला द्या. वर्षाच्या शेवटी "असं बोलणं झालंच नव्हतं" हे वाक्य ख्रिस्ती घरातून ऐकू येऊ नये.

मजूर विश्वासी असेल तर त्याच्याही बाजूने पालन आहे. दोन मुकादमांकडून उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) घेऊन एकाकडेच जाणं हे खोटं बोलणं आहे. अडचण खरी असते, दवाखाना, लग्न, शाळेचा खर्च, म्हणून मंडळीच्या दोन वडिलांनी दिवाळीआधी बसून ज्याची त्याची उचल किती आणि कशासाठी ते विचारावं. काही वेळा दोन-तीन घरांनी थोडे थोडे पैसे घातले की उचल घ्यावीच लागत नाही. विश्वासी मुकादम असेल तर त्याने प्रत्येकाच्या वहीत प्रत्येकाची उचल आणि फेड लिहून द्यावी.

एक छोटं काम पहिल्या महिन्यात सगळ्यांना द्या. वहीच्या एका पानावर मी कुणाचं काय देणं लागतो ते लिहायचं: पैसे, धान्य, घेतलेलं अवजार, दिलेला शब्द. त्यातलं एक देणं महिनाभरात फेडायचं. अर्पणाची थाळी त्यानंतर.

दारूचा प्रश्न बैठकीत निघाला तर उपदेशाने सुटत नाही. हातात पैसे आणि बाजाराचा दिवस एकत्र आले की माणूस घसरतो. म्हणून बाजाराच्या संध्याकाळी त्याच्यासोबत घरापर्यंत चालत जा. आखाजीला पत्त्यांचा डाव बसतो तेव्हा त्याला आपल्या घरी जेवायला बोलवा, वरण-बट्टी करा, रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवा. काही महिने हे करावं लागेल. गरज असेल तर डॉक्टरांकडेही घेऊन जा, त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही.

घरात आणि भाऊबंदकीत

रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं पुरे. एकाने चार-पाच ओवी वाचायच्या, एकाने प्रार्थना करायची, मुलांनी दिवसाची एक गोष्ट सांगायची. रोज घरधन्यानेच चालवायला हवं असं नाही. वाटेने चालताना, निजताना, उठताना वचन मुलांच्या कानावर पडत राहावं एवढंच अनुवादाच्या पुस्तकात सांगितलं आहे (अनुवाद 6:6-7). बैठकीतल्या पुरुषाला महिन्यातून एकदा विचारा, "वहिनी काय म्हणतात, तुझ्यात काही फरक पडला का?" आणि जमलं तर तुमच्या बायकोने वहिनींना वेगळं विचारावं. घरात हात उचलणारा माणूस बाहेर प्रार्थना चालवत असेल तर आधी ते थांबलं पाहिजे. याबाबतीत मंडळीने गप्प बसू नये.

भाऊबंदकी तोडू नका. नव्याने विश्वास ठेवलेल्याला पुष्कळदा वाटतं की नात्यातल्या सगळ्या कार्यक्रमांतून बाहेर पडलं म्हणजे शिष्यत्व. रडणाऱ्यांसोबत रडा असं वचन आहे (रोम 12:15). मयत झाली तर पहिल्यांदा जा, खांदा द्या, पाणी भरा, आलेल्या पाहुण्यांना चहा द्या. पूजेचा भाग आला की बाजूला उभं राहा, आणि हे आधीच घरातल्या मोठ्यांना नम्रपणे सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणाचा अपमान होत नाही. पोळ्याला बैल धुवा, रंगवा, पोटभर खाऊ घाला. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो (नीतिसूत्रे 12:10). फक्त बैलापुढे हात जोडू नका. कुणी कारण विचारलं तर पेत्राने सांगितल्याप्रमाणे सौम्यतेने आणि आदराने सांगा (1 पेत्र 3:15). दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट शब्द तोंडातून येऊ देऊ नका.

दिवाळीनंतर: पांगलेल्यांची सोबत

बाहेर जाणाऱ्यांची यादी करा: कोण, कुणासोबत, कोणत्या भागात, कधी परत. निघण्याआधीच्या रविवारी त्यांना पुढे बोलावून हात ठेवून प्रार्थना करा. मिशनरी पाठवताना करतो तशीच ही प्रार्थना व्हावी, कारण यरुशलेमेतून पांगलेल्या साध्या विश्वासणाऱ्यांनीच पहिल्यांदा वचन गावोगाव नेलं (प्रेषितांची कृत्ये 8:4).

फोनमध्ये ऐकायचा नवा करार भरून द्या, नेटवर्क नसेल तरी चालेल असा. आठवड्यातून एक वार ठरवून फोन करा, रात्री आठनंतर, आणि तेच तीन प्रश्न विचारा. एका ठिकाणी दोन विश्वासी कुटुंबं असतील तर कोपीसमोर (मुक्कामाच्या झोपडीसमोर) एकत्र बसायला सांगा.

मुलांचं काय, हे आधीच ठरवा. आजी-आजोबांकडे राहणार असतील तर मंडळीतल्या एका घराने त्यांच्या शाळेवर लक्ष ठेवावं. शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा. रेशनचं धान्य कामाच्या ठिकाणीही मिळू शकतं, म्हणून आधार जोडलेलं आहे का ते निघण्याआधी तपासा. गरोदर बाई सोबत असेल तर जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते लिहून द्या. कुणाला वाटेल हे समाजकार्य झालं. ज्याचा कुणी वाली नाही त्याची काळजी हा शिष्यत्वाचाच भाग आहे, आणि मंडळीने हे केलं नाही तर दुसरं कोण करणार?

मार्काचे उरलेले अध्याय या काळात संपवत आणा. होळीला माणसं परततात, आणि त्यानंतर उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार येतो. वधस्तंभाचे अध्याय तेव्हा सगळ्यांनी मिळून पुन्हा वाचा.

रविवारी आपण कशासाठी जमतो

यरुशलेमेतली मंडळी प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना यांत टिकून राहिली (प्रेषितांची कृत्ये 2:42). पाळकांचं काम काय, तेही स्पष्ट आहे: पवित्र जनांना सेवेसाठी तयार करणं (इफिस 4:11-12). सगळी सेवा पाळकांनीच करायची आणि बाकीच्यांनी बघायची ही रीत शास्त्रातली नाही, आणि तिने पाळकही थकतात.

उपासनेत एक बदल करा: संदेशानंतर पाच मिनिटं एका माणसाने उभं राहून सांगावं की गेल्या आठवड्यात त्याने काय करून पाहिलं. जमलं नसेल तर तेही सांगावं. रविवारी ड्युटीवर असणाऱ्यांसाठी आठवड्यात दुसऱ्या दिवशी घरी प्रार्थना आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजन न्या, त्यांना गैरहजर म्हणून मोजू नका. कमिटीच्या बैठकीत कुंपण, पत्रे, निवडणूक यांच्या आधी एक विषय घ्या: सध्या कोण कुणासोबत बसतंय? नावं घेऊन बोला. एकही नाव निघालं नाही तर बाकीचे विषय पुढे ढकलून आधी यावर प्रार्थना करा.

टिळकांनी शेवटच्या काळात, 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले येशूचे अनुयायी त्यात एकत्र यावेत ही त्यांची इच्छा होती. त्यांचं सगळंच पटेल असं नाही, पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आत बसवून घ्यायची ती ओढ आपल्या मंडळीत हवी. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात आलेल्याला कुणी आधी धर्म विचारत नाही, तसंच मंडळीच्या मदतीचंही असावं. पूर असो, आजार असो, शाळेची फी असो, मदत आणि बाप्तिस्मा यांची गाठ कधीही बांधू नका. आमिषाने आलेला माणूस शिष्य होत नाही, आणि तसा आरोप खरा ठरला तर प्रभूच्याच नावाला बट्टा लागतो.

आखाजीनंतर: काम पुढे द्या

आखाजी झाली, ऊन तापलं की बैठका पहाटे किंवा रात्री अंगणात घ्या. या दिवसांत तुमच्या दोघा-तिघांना विचारा: येत्या पेरणीनंतर तू कुणासोबत बसणार? नावं त्यांनीच सुचवावीत. त्यांच्या नव्या बैठकीला तुम्ही फक्त पहिल्यांदा जा, मागे बसा, बोलू नका. नंतर महिन्यातून एकदा त्या दोघा-तिघांनाच भेटा. त्यांनी मार्कच घ्यावा. तुम्ही त्यांच्यासोबत याकोबाचं पत्र वाचा.

कुणी मध्येच सोडलं असेल तर त्याच्या घरी जा. बैठकीचा विषय काढू नका, पीक-पाण्याचं विचारा, चहा घ्या, प्रार्थना करू का विचारा, नको म्हणाला तर उठा. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. भांडण झालं असेल तर आधी दोघांनीच बोला, नाही जमलं तर एक-दोघांना सोबत घ्या, आणि मंडळीपुढे शेवटी न्या (मत्तय 18:15-17). तो परत आला तर नवीन गटात घाला, जुन्यात नको, म्हणजे मागे पडलो असं त्याला वाटणार नाही.